बारा कंटेनर गेले, माती तिथेच आहे

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा कंटेनर निघाले. मागेपुढे पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचे बंब, आणि अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा केलेला. आत होता ३३७ टन विषारी कचरा. इंदूरजवळच्या पीथमपूरला तो नेला आणि २९-३० जून २०२५ च्या मध्यरात्री त्याची शेवटची खेप भट्टीत गेली. त्यानंतर जो तो म्हणू लागला, सुटलं एकदाचं भोपाळ.

भोपाळ सुटलेलं नाही. सुटलं असं समजून आपण सगळे गप्प बसलो, तर यापुढे ते सुटण्याची शक्यताही उरणार नाही, म्हणून हे आवाहन.

आधी हिशोब पाहू. २०१० मध्ये नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या दोन सरकारी संशोधन संस्थांनी कारखान्याच्या आवाराची पाहणी केली. तिथली दूषित माती त्यांनी अंदाजे ११ लाख टन धरली. जाळला गेलेला कचरा ३३७ टन, म्हणजे दर दहा हजार किलोमागे तीन किलो. या तीन किलोंसाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले, चाळीस वर्षं गेली आणि एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फाइली फिरल्या. उरलेले नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव किलो होते तिथेच आहेत, शहराच्या ऐन वस्तीत.

शिवाय जे नेलं ते जमिनीतून उपसून काढलेलं विष नव्हतं. २००५ च्या सुमारास आवारात वर पडलेला माल गोळा करून, पोत्यांत आणि पिंपांत भरून एका शेडमध्ये रचला होता, तोच उचलला. त्यात १६२ टन माती होती, ९२ टन सेविन या कीटकनाशकाचे आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. अंगणातला केर काढला, एवढंच झालं. जमिनीखाली काय आहे, याला अजून कोणी हात लावलेला नाही.

भोपाळ म्हटलं की आपल्याला १९८४ च्या डिसेंबरची ती रात्र आठवते. टाकी क्रमांक ६१०, सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट, आणि झोपेत गुदमरलेली माणसं. ती आठवायलाच हवी. पण मातीचं दुखणं त्या रात्रीचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. समजा, वायू फुटलाच नसता, टाकी ६१० आजही शाबूत असती, तरी भोपाळची ही माती आणि हे पाणी असंच विषारी झालं असतं. कारण ते झालं अपघाताने नव्हे, तर रोजच्या कामकाजाने.

कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. सेविन हे कीटकनाशक तिथे बने, पुढे त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेटही तिथेच बनू लागला. कीटकनाशक बनवताना उरलेला गाळ, बिघडलेला माल, वापरून झालेली द्रावकं या सगळ्यासाठी आवारातच खड्डे होते. कारखान्याच्या उत्तरेला, रेल्वेरुळांपलीकडे, १९७७ मध्ये सांडपाण्याचे मोठे उथळ तलाव बांधले. पाणी उन्हाने उडून जाईल आणि खाली राहिलेला साका तिथेच पडेल, अशी योजना. तळाला प्लास्टिकचं अस्तर होतं. ते अस्तर गळतं आहे, हे भोपाळच्या अधिकाऱ्यांनी १९८२ मध्येच अमेरिकेतल्या मुख्यालयाला तारेने कळवलं होतं. म्हणजे गॅसकांडाच्या दोन वर्षं आधी कंपनीला सगळं माहीत होतं.

वायू हवेत उडून गेला. हे विष उडून जाणारं नाही. आवारातल्या मातीत आणि पाण्यात कार्बारिल, लिंडेनच्या जातकुळीतली एचसीएच, क्लोरोबेंझीन, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि पारा आढळला आहे. सेविन विभागाच्या जमिनीवर पाऱ्याचे थेंब नुसत्या डोळ्यांना दिसत. यांतली क्लोरीनयुक्त द्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. ती पाण्यावर तरंगत नाहीत, झिरपत झिरपत खाली जातात आणि खडकाच्या भेगांत जाऊन बसतात. तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. म्हणून दर पावसाळा महाग पडतो. वरून पाणी मुरतं आणि विष आणखी खाली, आणखी लांब ढकलतं. आज जे काम शंभर रुपयांत होईल, ते दहा वर्षांनी हजारांत होणार नाही, कारण तोवर विष कुठे कुठे पोचलं हेच शोधत बसावं लागेल.

ते पोचायचं तिथे पोचलंच आहे. कारखान्याच्या भिंतीलगत अटल अयूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी अशा गरिबांच्या वस्त्या आहेत. यांतली बरीच माणसं वायूच्या रात्री तिथे नव्हतीही. जमीन स्वस्त मिळाली म्हणून ती नंतर आली. वस्तीतले हापसे प्रशासनाने लाल रंगवले आणि त्यांवर लिहिलं की हे पाणी पिण्याजोगं नाही. पण दुसरं पाणी दिलंच नव्हतं, त्यामुळे बायका त्याच लाल हापशांवर कळशा भरत राहिल्या. स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं, आणि पुढे लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या तपासणीत बावीस वस्त्यांचं भूजल दूषित निघालं. आता तिथे नळ आलेत. नळाला पाणी आलं नाही की लोक पुन्हा हापशाकडे वळतात, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

आता आपल्या नागपूरबद्दल. नीरीचं काम मोठं आहे, पण १९९७ मध्ये याच संस्थेने भोपाळच्या भूजलाला धोका पोचलेला नाही असा निर्वाळा दिला होता. त्या निर्वाळ्यावर पुढची कित्येक वर्षं सरकार निवांत बसलं, आणि १९९८ मध्ये कंपनीने भाडेपट्ट्याची ती जमीन अंगावरची घाण झटकावी तशी राज्य सरकारला परत केली. जमीन स्वच्छ करून मगच ताबा द्या, एवढं म्हणायला कोणाचीच जीभ रेटली नाही. २०१० च्या अहवालात ११ लाख टनांचा आकडा आला, तोही याच संस्थेकडून. आता पुन्हा खोदून पाहणी करायची तर तिचे सगळे नमुने आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवून झाली पाहिजे, आणि ती एकाच संस्थेच्या भरवशावर सोडता कामा नये.

नागपूरचा आणखी एक धागा आहे. हाच कचरा आधी गुजरातमध्ये अंकलेश्वरला जाळायचं ठरत होतं. गुजरातने नकार दिला. मग नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचं नाव निघालं. विदर्भातून विरोध झाला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, राज्य सरकारही नाही म्हणालं. जर्मनीला विमानाने पाठवण्याची बोलणी २०१२ मध्ये झाली आणि फिसकटली. शेवटी घोडं पीथमपूरला जाऊन थांबलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! भट्टीशेजारच्या तारपुरा गावाने कोणाचं काय बिघडवलं होतं? तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही पदार्थ ओतून पेटवून घेतलं. तरी भट्टी पेटली. जाळताना चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागतात, म्हणून ३३७ टनांची ८०० टनांहून जास्त राख झाली आणि ती पुरण्याचा नवा वाद आता पीथमपूरच्या माथी आहे. आपण विरोध केला तो योग्यच होता. पण आपल्या दारातून पुढे ढकललेलं दुसऱ्याच्या दारात जाऊन पडलं, आणि मग आपण पान उलटलं, हेही तितकंच खरं.

याहून वेगळं काही करता येतं का? येतं. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेवेसो गावाजवळच्या एका रसायन कारखान्यातून डायॉक्सिन उडालं. सगळ्यात जास्त बाधित भागातली घरं पाडावी लागली, माणसं कायमची हलवावी लागली. तिथेही सरकारचा पहिला विचार होता की भट्टी उभारा आणि सगळं जाळून टाका. गावकऱ्यांनी भट्टीला विरोध केला आणि तिथे जंगल मागितलं. अखेर वरची दूषित माती खरवडून काढली, अस्तर घातलेल्या दोन मोठ्या कोठारांत ती त्याच परिसरात बंदिस्त केली, बाहेरून चांगली माती आणून पसरली आणि ओकची झाडं लावली. शुद्धीकरणाच्या खर्चापोटी कंपनीकडून पैसे वसूल केले गेले. १९९६ पासून ते वन लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या पाण्यावर आणि कोठारांवर आजही लक्ष ठेवलं जातं. सगळं सुरळीत झालं असं नाही. रिअ‍ॅक्टरमधल्या कचऱ्याची ४१ पिंपं मधल्या काळात गायब झाली आणि उत्तर फ्रान्समधल्या एका गावी सापडली, म्हणजे दुसऱ्याच्या दारात टाकायची खोड तिकडेही आहे. पण सेवेसोचं गाव आज त्या जमिनीवर फिरायला जातं. सेवेसोनंतर आठ वर्षांनी भोपाळ घडलं, आणि आपण अजून मोजमापालाच पोचलेलो नाही.

भोपाळमध्ये काय करायला हवं, याबद्दल जाणकारांत फार मतभेद नाहीत. सदुसष्ट एकरांच्या आवारात आणि रुळांपलीकडच्या तलावांत चौकटी आखून, ठरावीक खोलीपर्यंत नमुने काढायचे. कुठे पारा, कुठे एचसीएच, कुठे द्रावकं, याचा नकाशा करायचा. जिथे विष दाट आहे ती माती उकरून तिथेच धुवायची किंवा तापवून तिच्यातलं रसायन वेगळं करायचं. जिथे विरळ आहे तिथे सूक्ष्मजीवांकडून काम करून घ्यायचं, नाहीतर पाणी मुरणार नाही असं आच्छादन घालायचं. दूषित भूजल वस्तीकडे सरकू नये म्हणून जमिनीत अडवणारी भिंत घालायची, विहिरींतून ते उपसून गाळायचं आणि ही उपसणी वर्षानुवर्षं चालू ठेवायची. हे कंटाळवाणं काम आहे. फीत कापायला त्यात काही नाही. म्हणून त्याच्याआधी स्मारकाची चर्चा होते.

स्मारक व्हावं. ते व्हायलाच हवं, आणि मिथाइल आयसोसायनेट विभागाचा गंजलेला सांगाडा पाडून टाकू नये, असंही माझं ठाम मत आहे. पण माती न तपासता त्यावर फरशी टाकली, हिरवळ लावली, कारंजं उभारलं, तर ते विष झाकणं होईल, काढणं नाही. फरशीखालची जमीन पुन्हा उकरायला मग कोण परवानगी देणार? आधी माती, आधी पाणी, आणि मग स्मारक, बगिचा, दवाखाना, शाळा, जे लोकांना हवं ते. भोपाळच्या रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला यांना २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला, त्या पैशांतून त्यांनी बाधित कुटुंबांतल्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. त्या जागेवर काय व्हावं हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा आणि त्या मुलांच्या आयांचा आहे. भूखंडांचे दर काढून बसलेल्यांचा नव्हे.

खर्च कोणी करायचा? ज्याने घाण केली त्याने. कायद्याचं तत्त्व तेच सांगतं. डाऊ केमिकलने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली आणि हा कारखाना आम्ही कधीच चालवला नाही, असं म्हणत कानावर हात ठेवले. केंद्राच्याच रसायन मंत्रालयाने २००५ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात अर्ज करून डाऊकडून सफाईपोटी १०० कोटी रुपये जमा करून घ्यावेत, अशी मागणी केली होती. त्या अर्जाचं भिजत घोंगडं झालं, आणि पीथमपूरचे १२६ कोटी तुमच्या-माझ्या करातून गेले. याच डाऊला पुण्याजवळ शिंदे-वासुलीला संशोधन केंद्र काढायचं होतं. २००८ मध्ये गावकरी उठले, बंडातात्या कराडकरांसह वारकरी उतरले आणि कंपनीला ते केंद्र गुंडाळावं लागलं. त्या आंदोलनात जाळपोळ झाली, तिचं समर्थन करता येत नाही. पण आधी भोपाळचं बोला, हे टाळकऱ्यांनी जितक्या स्पष्टपणे सांगितलं, तितकं आपल्या कुठल्या शहाण्या मंडळाने सांगितलं नव्हतं.

आता हाताशी एक नवं साधन आलं आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करायची, दोषी शोधायचा आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. केंद्राच्याच तेव्हाच्या माहितीनुसार देशात अशा १०३ जागा ठरल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. नियमांत एक मोठं भोक आहे. जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत साफ करायची, याची मुदतच नाही. ती मुदत लोकांनी मागावी लागेल.

म्हणून दोन कामं करा, आणि ती पावसाळ्याआधी करा. पहिलं भोपाळसाठी. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री, केंद्रीय पर्यावरणमंत्री आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष यांना एक पोस्टकार्ड लिहा. लांबण नको. कारखान्याच्या आवाराची आणि तलावांची नवी, खोलवरची पाहणी करून अहवाल जाहीर करा, ती होईपर्यंत तिथे कुठलंही बांधकाम करू नका, खर्च डाऊ आणि युनियन कार्बाइडकडून वसूल करा, आणि आता पुन्हा कुठल्या गावाला कंटेनर पाठवू नका. एवढी चार वाक्यं पुरेत. मंडळं, वाचनालयं, महिला बचत गट, महाविद्यालयांतले रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सगळ्यांनी आपापल्या नावाने लिहा. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा हाताने लिहिलेली दहा पत्रं बरी. इंदूर, भोपाळ, जबलपूरकडच्या मराठी मंडळांना हे अधिक सांगायला नको. त्यांच्या नातेवाइकांनी मात्र त्यांना फोन करून टोचणी लावावी.

दुसरं काम आपल्या दाराचं. भोपाळचं विष अपघाताचं नव्हतं, हे एकदा पटलं की प्रश्न आपल्याकडे येतो. प्रदूषण मोजणाऱ्या केंद्रीय निर्देशांकात २००९ मध्ये चंद्रपूर आणि डोंबिवली गंभीर प्रदूषित ठरले. २०१८ मध्ये तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं. अशा गुणवत्ता यादीत कोणालाही पहिलं यायचं नसतं. या आणि इतर औद्योगिक वसाहतींत बंद पडलेले कारखाने आहेत. यंत्रं भंगारात जातात, शेड पडतात, आणि एक दिवस तिथे गृहसंकुलाचा फलक लागतो. जाहिरातीत तरणतलाव असतो, मातीच्या तपासणीचा दाखला नसतो. घर घेताना सातबारा, बिगरशेती परवाना, रेराचा क्रमांक आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. आधी इथे काय बनत होतं, गाळ कुठे टाकायचे, हे मात्र विचारत नाही.

ते विचारा. तुमच्या तालुक्यात बंद पडलेला रासायनिक कारखाना असेल, तर तिथल्या निवृत्त कामगारांना गाठा. खड्डा कुठे होता, पिंपं कुठे पुरली, पावसात कुठल्या ओढ्याला फेस यायचा, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि ती पिढी सरत चालली आहे. त्यांचं सांगणं तारखेनिशी लिहून घ्या, जागेचा गट क्रमांक टिपा, फोटो काढा. मग जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या की ही जागा दूषित जागांच्या नियमांखाली संशयित म्हणून नोंदवा. सोबत माहितीच्या अधिकाराखाली दुसरा अर्ज करा आणि आमच्या जिल्ह्याची अशी यादी तयार झाली आहे का, कधी पाठवली, तिच्यात कोणत्या जागा आहेत, हे विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. गावात राहत असाल तर १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आणा आणि तो इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, नुसता चर्चा झाली असा शेरा चालवून घेऊ नका. विहिरीचं पाणी तपासून घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या, आणि नेहमीच्या क्षार-जंतूंच्या तपासणीवर भागवू नका. तिथे जे रसायन बनत होतं त्याचं नाव घेऊन चाचणी मागा, नाहीतर अहवाल पिण्यायोग्य असाच येईल.

अर्ज आवक विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर ती प्रत घेऊन पुन्हा जा, आणि एकटे जाऊ नका, चार जण जा.